हिवाळ्यातील पावसाची मोजदाद : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जानेवारी आणि फेब्रुवारी महिन्यांचे देशपातळीवरील पावसाचे व तापमानाचे आकडे प्रसिद्ध झाले, की त्यांविषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे येऊ लागतात. हिवाळ्यातला पाऊस मोजका असतो, त्यामुळे त्याची चर्चाही मोजकीच होते. परंतु रब्बीचा गहू, हरभरा, द्राक्ष आणि आंबा ज्यांच्या शेतात उभा असतो, त्यांच्यासाठी या दोन महिन्यांतली प्रत्येक सर महत्त्वाची असते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ‘फेब्रुवारीत देशात अमुक मिलिमीटर पाऊस झाला’ अशी बातमी वाचली. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या देशाचा पाऊस एका आकड्यात कसा मांडतात? सगळ्या केंद्रांची बेरीज करून केंद्रांच्या संख्येने भागतात काय?

उत्तर : तसे केले, तर ज्या भागात केंद्रे दाट आहेत त्या भागाचा पाऊस संपूर्ण देशाच्या आकड्यावर स्वार होईल आणि विरळ केंद्रांचे मोठे प्रदेश हिशेबातून जवळजवळ पुसले जातील. म्हणून भारतीय हवामानशास्त्र विभाग टप्प्याटप्प्याने वर चढतो. एका जिल्ह्यातील केंद्रांची साधी सरासरी काढून जिल्ह्याचा पाऊस ठरतो. जिल्ह्यांच्या पावसाला त्यांच्या क्षेत्रफळाचे वजन देऊन हवामान उपविभागाचा पाऊस ठरतो. आणि अशा ३६ उपविभागांवरून, पुन्हा क्षेत्रफळाच्या प्रमाणात, देशाचा आकडा तयार होतो. कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे आपल्या परिचयाचे चार उपविभाग त्या ३६ मधलेच आहेत.

क्षेत्रफळाचे वजन देणे म्हणजे काय, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,००० चौरस किलोमीटर असून तेथे २ मिलिमीटर पाऊस झाला. शेजारच्या ५,००० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात १० मिलिमीटर झाला. साधी सरासरी ६ मिलिमीटर येते. क्षेत्रफळ लक्षात घेतल्यास ती ४ मिलिमीटर येते, आणि जमिनीवर प्रत्यक्ष पडलेल्या पाण्याशी जुळणारा आकडा हा दुसराच आहे.

१९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या आधारे देशाचा जानेवारीचा सरासरी पाऊस सुमारे १७.१ मिलिमीटर आणि फेब्रुवारीचा सुमारे २२.७ मिलिमीटर धरला जातो. त्याच काळात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी ८६८.६ मिलिमीटर आहे. हे प्रमाण मनात ठेवूनच हिवाळ्याच्या बातम्या वाचाव्यात, असे आम्हांला वाटते; आणि पुढील एका उत्तरात त्याचे कारणही दिले आहे.

प्रश्न : शाळेत आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा शिकवतो. जगभरच्या आकडेवारीत डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने असतात. आपल्या हवामानशास्त्र विभागाच्या पावसाच्या तक्त्यात मात्र हिवाळा जानेवारी आणि फेब्रुवारी एवढाच दिसतो. डिसेंबर कुठे गेला?

उत्तर : डिसेंबर हा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरसह मान्सूनोत्तर हंगामात मोजला जातो. त्याचे कारण दक्षिणेत आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि त्या राज्याच्या वार्षिक पावसातील जवळजवळ निम्मा वाटा त्याचाच असतो. डिसेंबर तोडून जानेवारीला जोडला, तर हा एकसंध पाऊस दोन हंगामांत दुभंगेल आणि उत्तरेतील हिवाळी पावसाच्या लहान आकड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा मोठा पाऊस मिसळेल; मग त्या बेरजेवरून ना दक्षिणेचे काही कळेल, ना उत्तरेचे.

थंडीचा विचार करताना मात्र डिसेंबर वगळून चालत नाही, आणि म्हणूनच थंडीच्या हंगामाचा तापमानविषयक अंदाज डिसेंबर ते फेब्रुवारी अशा तीन महिन्यांसाठी दिला जातो. एकाच विभागाच्या दोन पत्रकांत ‘हिवाळा’ दोन वेगवेगळ्या लांबीचा दिसतो तो यामुळे. वर्गात शिकवताना दोन्ही व्याख्या सांगाव्यात आणि समोरचा तक्ता पावसाचा आहे की तापमानाचा, हे विद्यार्थ्यांना आधी पाहायला लावावे.

प्रश्न : आमच्या गावी ३१ जानेवारीच्या संध्याकाळी चांगला पाऊस झाला. अधिकृत नोंदीत तो १ फेब्रुवारीला दाखवला आहे. ही चूक दुरुस्त करून घेण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा?

उत्तर : अर्ज करण्याची गरज नाही, कारण ही चूक नाही. आपल्या देशात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. त्या वेळी निरीक्षक पर्जन्यमापकातील पाणी मोजतो आणि मागील २४ तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेला लिहितो. म्हणून ३१ जानेवारीच्या सकाळी साडेआठनंतर पडलेला पाऊस १ फेब्रुवारीच्या रकान्यात जातो आणि महिन्याच्या बेरजेतही फेब्रुवारीतच धरला जातो.

महाराष्ट्राला हे एका जुन्या आठवणीवरून लगेच पटेल. मुंबईची अतिवृष्टी सर्वांना २६ जुलै २००५ या तारखेने ठाऊक आहे. परंतु सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे, आणि नोंदीत तो २७ जुलैचाच आहे.

सगळे देश असेच करतात असे नाही. ब्रिटनमध्ये सकाळी नऊला मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या तारखेला लिहिण्याचा प्रघात आहे. कोणतीही पद्धत घेतली, तरी ती वर्षानुवर्षे न बदलणे हीच खरी अट आहे. पावसाळ्यात महिन्याच्या सीमेवरची एक सर इकडची तिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही, पण हिवाळ्यात ती एक सर म्हणजेच कदाचित संपूर्ण महिन्याचा पाऊस असतो. आपल्या गावाच्या बाबतीत जानेवारी कोरडा आणि फेब्रुवारी ओला ठरला असेल, तर त्याचा अर्थ काढताना रोजच्या नोंदी उघडून पाहणे आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात एका वर्षी जानेवारीत ‘सरासरीच्या १०० टक्के कमी’ आणि दुसऱ्या वर्षी ‘१५० टक्के अधिक’ पाऊस झाल्याचे वाचले. प्रत्यक्षात दोन्ही वर्षी रब्बीच्या परिस्थितीत तसा काही मोठा फरक जाणवला नाही. हे आकडे विश्वासार्ह आहेत काय?

उत्तर : आकडे विश्वासार्ह आहेत, टक्केवारी मात्र हिवाळ्यात फसवी ठरते. या प्रश्नाचे उत्तर आम्ही थोडे विस्ताराने देत आहोत, कारण हिवाळी पावसाच्या बहुतेक चुकीच्या बातम्या येथेच जन्माला येतात.

आधी वर्गवारी पाहू. दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक उणे १९ ते अधिक १९ टक्के असेल, तर पाऊस सरासरीइतका मानतात. अधिक २० ते ५९ टक्के म्हणजे जास्त, ६० टक्क्यांपासून पुढे फार जास्त; उणे २० ते ५९ म्हणजे अपुरा, उणे ६० ते ९९ म्हणजे फार अपुरा, आणि उणे १०० म्हणजे पाऊस नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसासाठी ही वर्गवारी उत्तम काम करते, कारण तेथे सरासरी मोठी असते. जुलैची सरासरी २०० मिलिमीटर असलेल्या जिल्ह्यात ४ मिलिमीटर कमी-अधिक झाले, तर तो २ टक्क्यांचा फरक होय.

आता ज्या जिल्ह्याची जानेवारीची सरासरीच ४ मिलिमीटर आहे, असा जिल्हा कल्पनेने घेऊ. तेथे एका रात्री १० मिलिमीटरची एक सर आली की महिना १५० टक्के अधिक ठरतो, आणि फक्त १ मिलिमीटर पडला की तो ७५ टक्के कमी ठरतो. या दोहोंमधले अंतर आहे अवघे ९ मिलिमीटर. पिकाच्या मुळाशी त्याचा परिणाम किती होतो, हे जमिनीवर आणि पिकाच्या अवस्थेवर अवलंबून असते. टक्केवारी त्याविषयी काहीही सांगत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची अडचण सरासरीच्या स्वरूपातच आहे. आपल्या या कल्पित जिल्ह्यात दहा वर्षांपैकी सात वर्षे जानेवारीत मुळीच पाऊस झाला नाही आणि उरलेल्या तीन वर्षी अनुक्रमे ६, ९ आणि २५ मिलिमीटर झाला, असे समजा. दहा वर्षांची बेरीज ४० आणि सरासरी ४ मिलिमीटर. परंतु त्या दहा वर्षांतले एकही वर्ष ४ मिलिमीटरच्या जवळपास नाही! सात वर्षांवर ‘१०० टक्के कमी’ असा शिक्का बसतो आणि तीन वर्षे ५०, १२५ व ५२५ टक्के अधिक ठरतात. सरासरीइतका पाऊस या वर्गात एकही वर्ष येत नाही. अशा ठिकाणी कोरडा जानेवारी हीच नेहमीची स्थिती असते, आणि ती ‘तूट’ म्हणून छापली जाते तेव्हा शेतकऱ्याच्या मनात विनाकारण धास्ती निर्माण होते.

मध्य आणि दक्षिण भारताच्या बऱ्याच मोठ्या भागात हिवाळी पावसाचे रूप साधारण असेच आहे. वायव्य भारतात, विशेषतः जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात, चित्र वेगळे आहे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या आणि पाऊस-बर्फ देणाऱ्या हवेच्या प्रणाली, तेथे हिवाळाभर एकामागून एक येत राहतात, महिन्याची सरासरी बरीच मोठी असते आणि तिच्यातली ५० टक्के तूट ही खरोखरच काळजीची गोष्ट असते. तेव्हा पावसाच्या नकाशावर दोन्हीकडे तुटीचा एकच लाल रंग दिसला, तरी त्याचा अर्थ दोन्हीकडे एक नसतो.

आमची सूचना अशी, की हिवाळ्याचा कोणताही तक्ता वाचताना टक्क्यांच्या शेजारी मिलिमीटर आणि पावसाचे दिवस हे दोन रकाने पाहावेत. आपल्याकडे ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला जातो, तो पावसाचा दिवस मानतात. एकाच दिवशी पडलेले २५ मिलिमीटर आणि पाच दिवसांत विभागून पडलेले २५ मिलिमीटर यांची महिन्याची बेरीज सारखीच येते. द्राक्षबागेला मात्र पाच दिवस पान ओले राहणे हे बुरशीचे आमंत्रण ठरते. देशपातळीवरील आकड्यांत टक्केवारी अधिक भरवशाची असते, कारण तेथे लहानसहान चढउतार एकमेकांत मिसळून जातात. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात केवळ ७.२ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सरासरीपेक्षा ६८ टक्के कमी; एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर एवढी तूट पडणे हा योगायोगाने हुकलेल्या एखाद्या सरीचा परिणाम असू शकत नाही. त्याच महिन्यात देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सिअस होते, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत तोवर फेब्रुवारीसाठी ते सर्वाधिक ठरले. ढग नाहीत, पाऊस नाही आणि ऊन लवकर तापले, ही एकमेकांत गुंतलेली गोष्ट दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच उमगते.

प्रश्न : हिमाचल किंवा काश्मीरमध्ये पडलेला बर्फ पावसाच्या आकड्यात धरतात काय?

उत्तर : होय, पाण्याच्या रूपात. मापकात जमलेला बर्फ वितळवून त्याचे पाणी मोजतात आणि तेच मिलिमीटरमध्ये लिहितात. जमिनीवर साचलेल्या बर्फाची जाडी वेगळ्या रकान्यात सेंटिमीटरमध्ये असते. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या १० सेंटिमीटर थरातून ढोबळमानाने १० मिलिमीटर पाणी निघते, पण कोरड्या आणि ओलसर बर्फात हे प्रमाण पुष्कळ बदलते, त्यामुळे अंदाजाने भागाकार करण्यापेक्षा वितळवून मोजणेच योग्य. शिवाय हलका बर्फ वाऱ्याबरोबर मापकाच्या तोंडावरून वाहून जातो आणि नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी येते. पर्वतीय केंद्रांचे हिवाळी आकडे वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

या बर्फाच्या नोंदींना आपल्या देशात मोठा इतिहास आहे. १८७५ मध्ये हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आली. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ अधिक पडला, तर पुढचा मान्सून दुर्बळ राहतो, असा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला आणि मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचा पाया त्यावर घातला गेला. पुढे हा संबंध सर्व काळ सारखा टिकत नाही असे दिसून आले. परंतु हिवाळ्याची नोंद पुढच्या पावसाळ्यासाठी उपयोगी पडू शकते, ही दृष्टी त्यातूनच मिळाली.

प्रश्न : आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. पहाटे बागेतल्या तापमापकावर २ अंश दिसतात आणि बातमीत ५ किंवा ६ अंश सांगतात. खरे कोणते मानावे? थंडीची लाट जाहीर करताना कोणता आकडा धरतात?

उत्तर : दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. अधिकृत तापमान स्टीव्हन्सन पेटीत मोजतात. ही पांढरी, दुहेरी झडपांची, हवा खेळती राहील अशी पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते आणि तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे निरीक्षकाने दार उघडले तरी ऊन आत शिरत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते आणि तिला लागून असलेला हवेचा थर वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. थंड हवा जड असल्याने ती उताराने सरकत सखल भागात साचते. आपला तापमापक उघड्यावर, वेलीच्या खालच्या उंचीला आणि सखल बागेत असेल, तर तीन-चार अंशांचा फरक अगदी स्वाभाविक आहे. महाबळेश्वरचे किमान तापमान शून्याच्या बरेच वर असताना वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे येतात, त्यामागेही हेच कारण आहे.

पिकाच्या संरक्षणासाठी, म्हणजे पहाटे पाणी द्यावे की शेकोट्या पेटवाव्यात हे ठरवताना, बागेतलाच आकडा महत्त्वाचा मानावा. तुलनेसाठी आणि महिन्याच्या सरासरीसाठी मात्र पेटीतलाच आकडा घ्यावा लागतो, कारण जगभरची केंद्रे त्याच पद्धतीने मोजतात. आपल्या तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरची नोंद वर्तमानपत्रांत नेहमी येते. तिच्याशी बागेतल्या आकड्याचा रोजचा फरक दोन-तीन महिने लिहून ठेवल्यास बातमीतल्या आकड्यावरून आपल्या बागेचा अंदाज बांधता येईल.

थंडीच्या लाटेची व्याख्या पेटीतल्या किमान तापमानावर बेतलेली आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट. त्याहून अधिक घसरण असल्यास तीव्र लाट. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले, तर सरासरी न पाहताही लाट मानतात आणि २ अंश किंवा त्याखाली गेल्यास तीव्र लाट. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा आहे, कारण समुद्राजवळ पारा तेवढा उतरतच नाही. एखाद्या महिन्यात थंडीच्या लाटेचे दिवस किती होते, हा आकडा महिन्याच्या सरासरी किमान तापमानापेक्षा पुष्कळदा अधिक बोलका असतो. दहा कडाक्याचे आणि वीस ऊबदार दिवस यांची सरासरी अगदी सामान्य दिसू शकते.

प्रश्न : ‘सरासरी’ मधूनमधून बदलते असे ऐकले. मग पूर्वी कमी ठरलेला पाऊस आता सरासरीइतका ठरू शकतो काय?

उत्तर : ठरू शकतो. २०२२ मध्ये पावसाची आधारभूत वर्षे १९६१ ते २०१० ऐवजी १९७१ ते २०२० अशी करण्यात आली आणि मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आली. पडलेल्या पावसात बदल झालेला नसतो; मोजपट्टीचा शून्य सरकलेला असतो. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बातम्यांतील टक्के शेजारीशेजारी ठेवण्याआधी दोहोंची आधारभूत वर्षे एकच आहेत ना, हे पाहावे. ते कळत नसेल, तर टक्के सोडून मिलिमीटरची तुलना करावी.

प्रश्न : आमच्या शाळेत पर्जन्यमापक बसवायचा आहे. विद्यार्थ्यांकडून हिवाळ्याची महिनावार नोंद करून घेताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : हा उपक्रम आपण हिवाळ्यात सुरू करीत आहात, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. बहुतेक शाळा जूनमध्ये मापक बसवतात आणि ऑक्टोबरमध्ये तो विसरतात.

जागा मोकळी असावी. झाड किंवा भिंत मापकापासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावी, आणि त्याहून दूर असल्यास अधिक चांगले. गच्चीवर मापक ठेवण्याचा मोह टाळावा; उंचावर वाऱ्यामुळे पाऊस तोंडावरून उडून जातो. मापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि पूर्णपणे समतल असावी. हवामानशास्त्र विभागाच्या नेहमीच्या मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटर असते आणि प्रत्येकासाठी मोजपात्र वेगळे असते. पात्रांची अदलाबदल झाली, तर पाऊस दुप्पट किंवा निम्मा नोंदला जातो. विद्यार्थ्यांना पडताळा करायला लावावा : २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी.

मोजणी रोज सकाळी साडेआठला व्हावी, पाऊस झाला नसला तरीही, आणि रविवारीही. हिवाळी नोंदवहीची खरी परीक्षा शून्य लिहिण्यात आहे. कोरड्या दिवशी ‘०.०’ लिहिले पाहिजे. रकाना मोकळा सोडला, तर पुढे पाहणाऱ्याला पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता, हे कळणार नाही. मोजणी राहिली असेल, तर आडवी रेघ मारून तसे लिहावे. सुट्टीनंतर मापकात तीन दिवसांचे पाणी एकत्र सापडले, तर ते एका दिवसावर न घालता ‘तीन दिवसांचे एकत्रित’ असा शेरा द्यावा. याचे कारण असे, की पावसाची महिन्याची नोंद ही बेरीज असते, आणि बेरजेतला एखादा दिवस गहाळ असेल तर संपूर्ण महिनाच अपुरा ठरतो. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, गहाळ दिवसांचे पाणी एकत्रित मोजणीत आलेले नसेल, तर त्या महिन्याची बेरीज देऊ नये. तापमानाची नोंद सरासरी असल्याने तेथे थोडी सवलत आहे : ११ किंवा अधिक दिवस, अथवा सलग ५ दिवस गहाळ असतील, तर महिन्याची सरासरी काढू नये, असा संकेत आहे.

हिवाळ्यात दवाचा प्रश्न हमखास येतो. पहाटे जड दव पडले की मापकात दोन-चार थेंब दिसतात. ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी पाणी असेल, तर ‘अत्यल्प’ असे लिहून बेरजेत ते शून्य धरावे आणि रात्री पाऊस झाला नव्हता, दव होते, हे शेऱ्यात नोंदवावे. त्याच रकान्यात धुकेही लिहिता येईल. समोरचे १ किलोमीटरपर्यंतचेही दिसत नसेल, तर ते धुके. शाळेच्या आवारातून ठाऊक अंतरावरची दोन-तीन ठिकाणे, जसे पाण्याची टाकी, देवळाचा कळस किंवा टेकडी, आधीच ठरवून ठेवली, तर मुलांना धुक्याची घनता विनासायास लिहिता येते.

मापक हलवावा लागला, तर तारीख आणि नवी जागा वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. ही नोंद नसेल, तर पुढे आकड्यांत दिसणारा बदल हवामानाचा की जागेचा, हे ठरवता येत नाही. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडे स्वतंत्र ठेवले जातात ते याच सावधगिरीने. समुद्राने वेढलेल्या कुलाब्यात हिवाळ्यातली पहाट सांताक्रूझपेक्षा ऊबदार असते, आणि दोन्ही एकत्र केल्यास दोहोंचाही अर्थ हरवेल.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांनी लिहिलेल्या पावसाच्या जुन्या वह्या आहेत. त्यांचा आज काही उपयोग होईल काय?

उत्तर : होईल, आणि विशेषतः हिवाळ्याच्या पानांचा. पावसाळ्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी पाऊस असतो, म्हणून एखाद्या गावची नोंद नसली तरी शेजारच्या केंद्रांवरून अंदाज बांधता येतो. हिवाळ्यातली सर मात्र एका शिवारात पडते आणि पुढचे शिवार कोरडे राहते, त्यामुळे तिचा साक्षीदार कधीकधी ती एकच वही असते.

आधी एकक तपासावे. दशमान पद्धती येण्यापूर्वीच्या नोंदी इंचांत आणि इंचाच्या शंभराव्या भागांत असतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. वहीत ‘४२’ असे लिहिले असेल, तर ते ४२ मिलिमीटर नसून ०.४२ इंच, म्हणजे सुमारे १०.७ मिलिमीटर असण्याची शक्यता आहे. त्यानंतर मोजणीची वेळ आणि तारीख लिहिण्याची पद्धत शोधावी. त्यासाठी एखाद्या मोठ्या, सर्वत्र नोंदल्या गेलेल्या पावसाची तारीख जवळच्या अधिकृत केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहावी. एका दिवसाचा फरक सातत्याने दिसला, तर आजोबा पाऊस पडला त्या दिवसाची तारीख लिहीत असत असे समजावे, आणि महिन्यांच्या बेरजा त्या हिशेबाने पुन्हा कराव्यात. शून्य लिहिलेले दिवस आणि मोकळे सोडलेले दिवस उताऱ्यात वेगळे ठेवावेत. शक्य असल्यास प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे, आणि उतारा पूर्ण झाल्यावरही मूळ वह्या जपून ठेवाव्यात, कारण एखाद्या महिन्याच्या बेरजेविषयी पुढे शंका आली, तर ती फक्त मूळ पानावरूनच मिटवता येते.